बाळंतिणीचे सात लाडू

१

हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार, ते आत्ताच सांगून ठेवतो. काढा. मराठी मंडळाच्या सहलीला पहिल्यांदा आलेल्या नव्या माणसांनी जुन्या माणसाला वेड्यात काढायचं, ही सिंगापुरात पासिर रिसच्या या किनाऱ्यावरची रीतच आहे. पण एका लाडवानं एका धडधाकट बाईचा जबडा कुलूप घातल्यासारखा बंद केला आणि दुसऱ्या एका मुलीचं आयुष्य टांगणीला लावलं, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या ताटलीतला हा बटाटेवडा तुमचा.

शनिवार होता. सकाळचे आठ. अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये अकरा वाजता बारसं होतं, म्हणून घरच्यांच्या जुन्या स्नेही सुनेत्राबाई वुडलँड्सहून भल्या पहाटे निघून, दोनदा एमआरटीची गाडी बदलून, हातात झबलं-टोपडं घेऊन पोचल्या. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि हातातली पिशवी गळून पडली.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बाळंतीण बसली होती. क्षिप्रा. तोंड मिटलेलं, डोळे एवढे मोठे झालेले की पापण्या पुरेनात. ओठ टम्म सुजलेले. दोन्ही हातांनी ती स्वतःचा जबडा ओढत होती आणि जबडा उघडत नव्हता. नुसतं "म्म्म... म्म्म" चाललेलं. आतल्या खोलीत तान्ही किमया भुकेनं टाहो फोडत होती, आणि तिची आई तिला "आले गं" एवढंही म्हणू शकत नव्हती.

क्षिप्राची सासू विद्याताई भिंतीला टेकून उभी. नवरा यशोधन ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगताना स्वतःच्याच ब्लॉकचा नंबर विसरला होता. क्षिप्राची धाकटी बहीण राधिका गुडघ्यांवर बसून तिच्या दाढांमधून बोट घालायला बघत होती. सासरे शैलेंद्रराव दाराच्या चौकटीत खांबासारखे उभे. आणि टेबलावर, बशीत, एक उष्टा डिंकाचा लाडू.

"काय खाल्लंस गं?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

क्षिप्रानं बशीकडे बोट दाखवलं.

इस्पितळात दोन तास लागले. डॉक्टर पोरसवदा होता, त्यानं असलं काही बघितलं नव्हतं. दातांच्या फटींतून त्यानं पिवळट, चिकट, काचेसारखं चमकणारं काहीतरी खरवडून काढलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. सगळे वाकून बघू लागले. कुणाला काही कळेना. तेवढ्यात राधिकानं तो कण चिमटीत धरला, नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

"ही सोंगश्यांग आहे," ती म्हणाली. "पाइनची राळ."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आणि विद्याताई, ज्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, त्या भर इस्पितळात ओरडल्या, "तुला बरं माहीत!"

२

आता राधिकाला ते का माहीत होतं, ते ऐका.

ही मुलगी मराठी, पण शिकली चिनी वैद्यकी. पाच वर्षं मँडरिनमधून. घरच्यांनी कपाळाला हात लावले. बँकेत जा म्हणाले, हिशेबनीस हो म्हणाले, निदान डेंटिस्ट तरी हो. ही चोआ चू कांगला म्हाताऱ्या क्वेक सिनसेच्या दुकानात जाऊन मुळ्या कुटत बसली. सिनसे म्हणजे त्यांच्यातला वैद्य. नोंदणी होऊन जेमतेम आठ महिने झालेले. त्या दुकानात सोंगश्यांगची मोठी बरणी. सोंगश्यांग म्हणजे चिडाच्या झाडाचा वाळलेला चीक. व्हायोलिनवाले गजाला घासतात तीच राळ. चिनी लोक ती शतकानुशतकं गळवांवर, खरजेवर लेप करून लावतात.

आणि शुक्रवारी दुपारी याच राधिकाच्या पिशवीत कच्च्या सोंगश्यांगची पुडी होती. वुडलँड्सच्या एका पेशंटच्या लेपासाठी. इस्पितळातून घरी येऊन तिनं पिशवी उलटी केली, तर पुडी गायब.

"कुणीतरी घेतली, काकू," ती म्हणाली. "देवाशपथ."

"कुणीतरी!" विद्याताई म्हणाल्या. "कोण? मी? तान्ही किमया? लाडवांत काही कमी आहे, चिनी औषध घाला, हाडं भरतात, हे गेले पंधरा दिवस कोण म्हणत होतं?"

"मी खजूर म्हणत होते काकू. लाल खजूर! राळ नाही. कच्ची राळ पोटात कुणी देतं का?"

"ते तुझ्या वैद्यांच्या मंडळाला सांग."

हा घाव होता. यशोधननं लॅपटॉप उघडून चिनी वैद्यांच्या नोंदणी मंडळाला तक्रार लिहायला घेतली होती. सोमवारी सकाळी नऊला ती जाणार. तक्रार गेली की चौकशी, आणि चौकशी संपेस्तोवर दुकानाची पायरी बंद. शिवाय विद्याताईंनी निक्षून सांगितलं, यापुढे ही मुलगी माझ्या नातीला हात लावणार नाही. पाच वर्षं, बहीण आणि भाची, तिन्ही एका लाडवात गेलं.

राधिका रडली नाही. ती सुनेत्राबाईंजवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही जहाजांतला खराब झालेला माल बघून सांगायचात ना, कुणाची चूक ते?"

बरोबर. सुनेत्राबाई बत्तीस वर्षं इथल्या बंदरात सर्व्हेयर होत्या. तांदूळ भिजला, मिरची काळी पडली, की शिडी उतरून जहाजाच्या पोटात जायचं, वास घ्यायचा, आणि वर येऊन सांगायचं, पाणी कुठल्या बंदरात शिरलं. कप्तान खोटं बोलायचे, माल खोटं बोलायचा नाही.

"सोमवार नऊ म्हणजे दोन दिवससुद्धा नाहीत," त्या म्हणाल्या. "लाडवांचा डबा कुठाय?"

राधिकानं डबा आणला. सुनेत्राबाईंनी झाकण उघडून आत बघितलं. आत आणखी सहा होते.

३

सगळे खाल्ले गेले असते तर?

त्यांनी एक लाडू ओट्यावर आपटला. ओट्याला चीर गेली. बत्त्यानं मारला, बत्ता उडून थेट खालच्या बागेत...

"अकराव्या मजल्यावरून? कुणाच्या डोक्यात पडला असता म्हणजे?" ऐकायला बसलेल्या नव्यांतला प्रबोध म्हणाला.

बरं, बागेत नाही, गॅलरीत. तुम्ही बँकवाले ना, एक शब्द सैल सोडणार नाही. शेवटी पोळपाटाखाली दाबून लाडू फुटला. सुनेत्राबाईंनी चष्मा पुसून आत बघितलं. खारकेची पूड होती, खोबरं होतं, गूळ होता. आणि त्यांच्यामधून काचेच्या तारांसारखे पिवळे धागे. त्या बराच वेळ तो तुकडा उजेडात फिरवत बसल्या. त्यांना काहीतरी खटकत होतं. लाडवात काय आहे ते दिसत होतं. काय नाही, ते हाती लागत नव्हतं.

मग एकेकाला स्वयंपाकघरात बोलावलं.

विद्याताई पहिल्या. "एकवीस केले होते, सुनेत्रा. रोज सकाळी एक, असे चौदा संपले. सात उरले. शुक्रवारी सकाळी मी स्वतः मोजलेत. तिनं आज खाल्ला तो पंधरावा."

"म्हणजे पहिले चौदा चांगले होते?"

"चांगले म्हणजे! माझ्या हातचे आहेत."

"आणि शुक्रवारी दुपारी?"

"मी आणि राधिका टेक्का मार्केटला गेलो होतो, फुलं आणि पाळण्याची झालर आणायला. दोनला निघालो, पाचला आलो. पिशवी हिनं इथंच खुर्चीला अडकवली होती. ते जाऊ दे, माझी छोटी कढई कुठे गेली ते विचार हिला. लोखंडी. माझ्या आईची. कालपासून नाही."

कढई! सुनेत्राबाईंनी कान टवकारले.

यशोधन आला. डोळे तांबारलेले. "मावशी, मला राधिकाला त्रास द्यायचा नाहीये. पण क्षिप्रा गेली असती. घसा सुजला असता तर?"

"शुक्रवारी तू कुठे होतास?"

"ऑफिसला. तीनला येऊन गेलो, लॅपटॉपचा चार्जर राहिला होता. टॅक्सी खाली उभी. दहा मिनिटंसुद्धा नाही."

"कुणी भेटलं?"

"क्षिप्रा आत एसी लावून झोपली होती. बाबा किचनमध्ये होते बहुतेक, दार लोटलेलं होतं. मी घाईत होतो. शेजाऱ्यांचं ते रिनोव्हेशन चालू आहे ना, व्हार्निशचा वास नुसता. डोकं उठलं."

शेवटी शैलेंद्रराव. जुने जहाजी माणूस, एकाहत्तर वर्षांचे, आणि बोलायला लागले की तीन बंदरं मागे पडावीत असे. पण आज त्यांनी हात जोडले आणि खिशातून कागद काढून पुढे केला. 'मौन. नातीसाठी. सोमवारपर्यंत.'

"केव्हापासून?"

'शुक्रवार संध्याकाळ.'

"शुक्रवारी दुपारी घरात कोण आलं होतं, शैलेंद्रराव?"

त्यांनी पेन उचललं, क्षणभर थांबले, आणि लिहिलं, 'झोपलो होतो.'

सुनेत्राबाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. विद्याताई कढीभाताचं ताट घेऊन आल्या, ते शैलेंद्ररावांनी हातानंच नको म्हणून परत पाठवलं. ताकाचा पेला तेवढा घेतला आणि स्ट्रॉ लावून, भिंतीकडे तोंड करून पीत बसले.

४

रविवारी सकाळी सुनेत्राबाई चोआ चू कांगला. ब्लॉकच्या खाली तळमजल्यावर दुकान, आत शंभर खणांचं कपाट, आणि काउंटरमागे क्वेक सिनसे. म्हातारा सुकलेल्या आल्यासारखा, वय विचारलं तर चिडणारा.

"राधिका मोजल्याशिवाय धूळसुद्धा देत नाही, आंटी," तो इंग्रजीत म्हणाला. "मी म्हणतो, राळ तीनदा उकळ, पुरे लाह. ती सातदा उकळते. तुम्ही तिला सोडवा. नाहीतर माझ्या म्हातारपणी ही कपाटं कोण उघडणार?"

त्यानं बरणीतून कच्ची राळ काढून दाखवली. सुनेत्राबाईंनी हातात घेऊन उजेडात धरली. पिवळसर, पारदर्शक, ओबडधोबड खडे. वरून पिठूळ. गुजराथ्याच्या दुकानात पाव किलो मागितला तर हेच बांधून देतील असे. हुबेहूब डिंक!

"हे खाल्लं तर?"

"धिस वन कॅनॉट ईट वन," सिनसे म्हणाला. "आधी उकळायची. पाणी फेकायचं, परत उकळायची, कडूपणा जाईपर्यंत. मग पूड, मग लेप. पू ओढून काढते, खाज मारते. जुन्या गोष्टींत आहे, डोंगरातला एक म्हातारा नुसती राळ खाऊन तीनशे वर्षं जगला."

"खरं?"

"मी त्याला भेटलो नाही. पण ज्यानं गोष्ट सांगितली तो साठीतच गेला."

सुनेत्राबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी फिरू लागलं होतं. "तुमच्याकडे तूप नसेल. तेल आहे? आणि एक पळी?"

सिनसेनं मागच्या शेगडीवर तेल तापवलं. राळेचा एक खडा पळीत टाकला. सुनेत्राबाई श्वास रोखून बघत राहिल्या. खडा ओलसर झाला, वितळला, पिवळा रस झाला आणि धूर सोडू लागला. आणि तो वास! टर्पेंटाइनचा, व्हार्निशचा. दुकानभर.

त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली.

"आंटी? यू ओके?"

"फुलला नाही," त्या मराठीतच पुटपुटल्या. "हा फुललाच नाही!"

पळी थंड झाल्यावर सिनसे तिच्या तळाला चिकटलेलं पिवळं कवच नखानं खरवडू लागला. ते निघेना. "साबणानं जन्मात निघणार नाही," तो म्हणाला. "गरम तेलानं निघतं. ज्याला ठाऊक नाही तो भांडंच फेकून देतो."

सुनेत्राबाईंनी पर्स उचलली आणि बाहेर धावत सुटल्या. बासष्टाव्या वर्षी, चपलांतून, थेट स्टेशनपर्यंत.

५

संध्याकाळी सहा वाजता क्षिप्रा इस्पितळातून घरी आली. ओठांची सूज उतरली होती, पण बोलताना अजून अडखळत होती. किमयाला तिनं छातीशी धरलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, "ताईनं केलं नाही." ती धाकट्या बहिणीला ताई म्हणते, लहानपणापासूनची सवय.

"पुरावा दे," यशोधन म्हणाला. मेल तयार होता. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"पुरावा मी देते," सुनेत्राबाई म्हणाल्या. "सगळे बसा. शैलेंद्रराव, तुम्हीपण."

सगळे बसले. राधिका दाराजवळ उभी राहिली. बाहेर जायला सांगतील म्हणून चपला घालूनच.

"विद्याताई, डिंक तळल्यावर काय होतं?"

"काय होतं म्हणजे? फुलतो. लाहीसारखा. तुपात टाकला की टपाटपा फुलतो, मग कुस्करायचा."

"तुम्ही किती वर्षं तळताय?"

"लग्न झाल्यापासून. पंचेचाळीस."

"टाकला आणि फुलला नाही, वितळून धूर सोडायला लागला, तर?"

"कढई उतरवीन! तो डिंक नाहीच म्हणून."

"तुम्ही उतरवाल. मी उतरवीन. डिंकाचा लाडू एकदाही केलेली कुठलीही बाई उतरवील. या लाडवांत फुललेल्या डिंकाचा एक कण नाही. आहेत ते वितळलेल्या राळेचे धागे. म्हणजे ज्यानं लाडू केले त्याला लाडवात काय काय पडतं ते ठाऊक होतं, पण डिंक तळताना त्यानं जन्मात बघितलेला नव्हता. लाडू खाऊन माहीत. करून नाही."



"राधिकाही केलेली नसेल लाडू," यशोधन म्हणाला.

"बरोबर. पण राधिका राळ ओळखते. तिला ती डिंक वाटणार नाही. तिला कुणाला द्यायचीच असती तर पूड करून चिमूटभर दिली असती, अख्ख्या पुडीचं कढण करून नाही. आणि कढई! राळ कढईला चिकटली की घासून निघत नाही. गरम तेलानं निघते, हे राधिकाला रोजच्या कामातलं. तिनं पुसून जागेवर ठेवली असती. ज्याला ठाऊक नव्हतं त्यानं तुमच्या आईची कढई ओट्यामागच्या कचऱ्याच्या शूटमध्ये टाकली. अकरा मजले खाली."

विद्याताईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. कढईसाठी.

"आता वेळ. यशोधन, शुक्रवारी तीनला तुला व्हार्निशचा वास आला. शेजाऱ्यांकडे मी जाऊन आले. त्यांचं काम बुधवारीच संपलं, आणि ते टाइल्सचं होतं. तो वास तुझ्याच घरातला होता. तीन वाजता राळ कढईत होती. आणि तीन वाजता विद्याताई आणि राधिका टेक्का मार्केटमध्ये झालरीचा भाव करत होत्या."

यशोधननं हळूच लॅपटॉप मिटला.

"घरात उरलं कोण? क्षिप्रा, झोपलेली. तू, दहा मिनिटं; त्यात लाडू वळून होत नाहीत. आणि..."

सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीकडे गेल्या. शैलेंद्ररावांनी कागद घेतला आणि घाईघाईनं लिहिलं, 'झोपलो होतो!!'

"यशोधन म्हणतो तुम्ही किचनमध्ये होतात," सुनेत्राबाई शांतपणे म्हणाल्या. "पण राहू दे ते. विद्याताई, यांचं मौन आहे ना?"

"हो. बाळासाठी धरलंय बिचाऱ्यांनी."

"मौनात बोलायचं नसतं. जेवायला काय हरकत आहे? शुक्रवार रात्रीपासून या माणसानं एक घास खाल्लेला नाही. कढीभात परत. उपमा परत. बारशासाठी मागवलेल्या जिलब्या समोर पडल्यात, आणि गोडाला हपापलेल्या या माणसानं एकही चोरून उचलली नाही! दोन दिवस स्ट्रॉनं ताक चाललंय." त्या उठल्या, शैलेंद्ररावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "शैलेंद्रराव, बोलू नका. फक्त 'आ' करा."

शैलेंद्ररावांचे डोळे विद्याताईंकडे गेले, मग दाराकडे. पण दारात राधिका उभी होती.

'आ' काही झालं नाही.

६

"अहो, म्हणजे त्यांचंही तोंड...?" प्रबोधच्या शेजारी बसलेली ऋता ओरडली.

चिकटलेलं! वरची कवळी आणि खालची कवळी, दोन्ही एकमेकींना घट्ट, मध्ये लाडवाचा घास. शुक्रवारी संध्याकाळी साडेचारपासून. त्या बिचाऱ्याला साखरेचा आजार. गोड बंद. बायको आणि सून गोडाचे डबे त्याच्यापासून लपवायच्या. त्या दुपारी घर सामसूम, आणि वरच्या फळीवर तो स्टीलचा डबा. एक खाऊन बघतो म्हणाला. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. एका बैठकीत सात! तुम्हाला खरं वाटणार नाही, पण एकाहत्तराव्या वर्षी सात, आणि वरून तांब्याभर पाणी.

मग डबा रिकामा दिसला आणि घाम फुटला. सात मोजलेले होते. सकाळी सुनेला एक लागणार. खारकेची पूड होती, खोबरं होतं, गूळ होता. डिंक संपलेला. तेवढ्यात खुर्चीला अडकवलेल्या पिशवीतून डोकावणारी पुडी दिसली. वर चिनी अक्षरं, आत डिंक. सिंगापूरच आहे, इथे साबुदाण्याच्या पुड्यावरही चिनीच असतं. टाकला तुपात. फुलला नाही, त्याला काय ठाऊक फुलायचा असतो ते! धूर झाला, खिडकी उघडली. लाडू वळले, हात पोळले, सातच्या सात जमले. आणि मग चव बघायला म्हणून आठवा, छोटासा, तोंडात टाकला.

पहिल्यांदा त्याला वाटलं, गुळाचा पाक कडक झाला. भिजेल, सुटेल. रात्रभर कोमट पाणी धरून बसला. सुटलं नाही. आणि सकाळी...

ते दृश्य त्यानं चौकटीत उभं राहून बघितलं. काय झालं असेल त्या माणसाचं, विचार करा.

बरं, पुढचं ऐका. विद्याताईंनी कपाळावर हात मारून घेतला. यशोधननं तक्रार पुसून टाकली आणि राधिकाकडे बघायची हिंमत होईना म्हणून बाळाच्या पाळण्याची दोरी उगाच ओढत बसला. आणि डॉक्टरला बोलवायला कुणी उठायच्या आत राधिकानं चपला काढल्या. स्वयंपाकघरात गेली, खोबरेल कोमट करून आणलं.

"काका, मान मागे करा," ती म्हणाली. एवढंच. "राळ पाण्याला दाद देत नाही. तेलाला देते."

पाऊण तास ती त्यांच्यापुढे बसून हिरड्यांच्या कडेनं थेंब थेंब तेल सोडत होती, कापसानं पुसत होती.   आणि मग टक्कन आवाज झाला आणि दोन्ही कवळ्या जोडीनं बाहेर आल्या, मिटलेल्या शिंपल्यासारख्या. ती जोडी क्वेक सिनसेच्या दुकानात काचेच्या बरणीत ठेवलेली आहे, लोक तिकीट काढून बघतात.

"तिकीट?" प्रबोध म्हणाला.

बरं, तिकीट नसेल. पण सिनसेनं मागितली होती, हे खरं. राधिका त्याच्याकडेच आहे अजून, आता तिच्या नावाची पाटीही लागली दाराला. किमया तीन वर्षांची झाली. सगळं गोड झालं.

लोक मात्र त्या शैलेंद्ररावाला अजून नावं ठेवतात. म्हणतात, दोन दिवस पोरीवर आळ येऊ दिला, दोन दिवस ती दारात चपला घालून उभी राहिली आणि हा गप्प बसला. मला हे पटत नाही. तुम्हीच सांगा, ऋता, तुमचं मन स्वच्छ आहे. त्याची काय चूक? मनातून तो तळमळत होता. तोंड उघडतं ना, तर इस्पितळातच सगळं कबूल केलं असतं त्यानं, पहिल्या मिनिटाला, सगळ्यांसमोर. पण दातच चिकटलेले. बोलता येत नव्हतं, हो. माणूस करणार काय?

वड्यांची ताटली घेऊन राधिका मागे केव्हा येऊन उभी राहिली होती, कुणास ठाऊक.

"काका," ती म्हणाली, "दात चिकटले होते तुमचे. हात तर मोकळे होते ना?"